वैल

जालन्याच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीतली आमची रोलिंग मिल.
धुराड्याच्या मापकाचा काटा
साडेसातशेला टेकलेला असायचा रात्रंदिवस.
कोळसा आम्ही विकत घ्यायचो,
ऊब आभाळाला फुकट.

मग चोपडेसाहेब आला, कोरं पांढरं हेल्मेट घालून.
फळ्यावर खडूनं नळ्या काढल्या:
बाहेर जाणारा धूर नळ्यांच्या भोवतून,
आत येणारी हवा नळ्यांच्या पोटातून,
दोघांची भेट नाही, नुसती पाठीला पाठ,
आणि भट्टीत हवा शिरेल ती तीनशे अंशांची.
याला म्हणायचं रिक्युपरेटर.

भट्टीवाले खाजामियाँ, भुवया कधीच्या जळालेल्या,
बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले.
"मतलब, वैल," म्हणाले.
"चुलीवर भाकर, मागं वैलावर डाळ.
लाकूड तेच.
अम्मीला कुणी फळा दाखवला नव्हता."

तेव्हापासून लॉगबुकातही वैलच.
वैलात शिरताना सातशे तीस, निघताना चारशे पन्नास.
वैलाच्या दोन नळ्या गळतात, रविवारी बघणे.
टनामागं अकरा किलो कोळसा वाचला,
शेठनं सगळ्यांना पेढे दिले, कंत्राटी पोरांना अर्धा अर्धा.

फक्त, जुन्या विटांच्या त्या धूरवाटेला
बिहारी पोरांचे टॉवेल वाळायचे,
गिरजाबाईचा आंघोळीचा डबा कोमट व्हायचा,
आणि लंगडी कुत्री व्यायची तिथंच, दर हिवाळ्यात.
आता सगळ्यावर काचलोकर, वरून चकचकीत पत्रा.
हात लावला तर गार,
ओळख विसरलेल्या सोयऱ्यासारखा.

डिसेंबरात परभणीकडचा गारठा शेडमध्ये शिरला.
उष्णतेचा हिशेब कागदावर जुळत होता
आणि कुत्री पोट घेऊन
या खांबापासून त्या खांबापर्यंत.

रविवारी नळ्या बदलल्या.
पत्रा परत बसवताना खालच्या वळणावर
वावभर जागा मी उघडीच ठेवली.
खाजामियाँनी बघितलं. विडी विझवली.
दुसऱ्या दिवशी डबा तिथं त्यांनीच नेऊन ठेवला.

जानेवारीअखेर चोपडेसाहेब आकडे घेऊन बसला.
"चार अंश जातात कुठं?"
मापकाची चूक असंल, मी म्हटलं.
तो उठला, वळणापाशी गेला, वाकला.
डबा. टॉवेल. पाच पिल्लं,
एकाचे डोळे अजून मिटलेले.

पेनाचं टोपण दातानं काढून
उभ्या उभ्याच लिहिलं त्यानं:
मापकाची चूक.