घोरपडीची खूण

चिपीच्या सड्यावर वारा कधी खाली बसत नाही.
कातळ कापून सपाट केलेल्या या जागी
मी उभा असतो विमानाच्या नाकाखाली,
डोक्यावर हेडसेट, वायरचं टोक त्याच्या पोटात
आणि कानात एक आवाज, ज्याचं घर मला ठाऊक नाही.
"ग्राउंड, ब्रेक लावलेत."
"ब्रेक लावलेत. चोक काढतो."
"चोक काढा."
त्याचं वाक्य मी परत म्हणायचं, माझं त्याने.
बोललं म्हणजे पोचलं, असं इथे कोणी धरत नाही.
हाच नियम घरात असता तर, असं आमचा लोडर फटू गिरप म्हणतो.
तो दोनदा काडीमोडापर्यंत जाऊन परत आलाय.

त्या दिवशी हेडसेट मेला.
खारी हवा. पितळेची टोकं हिरवी पडतात,
पुसून पुसून माझा रुमालही हिरवा.
मी कानांवर हात ठेवले, अंगठा खाली केला.
काचेमागे कॅप्टनने मान हलवली:
हातांवर घेऊ.

हातांवर.
माझ्या बापाची चाळीस वर्षं हातांवर गेली.
निवतीच्या खडपावर उभा राहून तो पाण्याचा रंग वाचायचा.
तारल्यांचा काळा डाग सरकला
की पंचा उजवीकडे, होडी उजवीकडे.
पंचा डोक्याभोवती गोल, सोडा जाळं.
वल्ह्यांवरचा एकही माणूस
मान वळवून "खंय?" म्हणाला नाही कधी.
एकदा पंचा चुकला, रापण शेवाळ घेऊन आली.
दुसऱ्या दिवशीही त्यांनी पंचाच पाहिला.

डावा हात इंजिनाकडे, उजवा डोक्याशी गोल:
दोन नंबर, चालू कर.
माझा डावा म्हणजे त्याचा उजवा,
पहिले सहा महिने ही अदलाबदल मी झोपेत करायचो.
आणि तेवढ्यात गटाराच्या जाळीतून ती आली.
घोरपड. शेपटीसकट अडीच हात.
तापल्या काँक्रीटवर पोट टेकून
पंख्याच्या बरोबर खाली, जमीन तिचीच असल्यासारखी.
तशी ती होतीच.

मी दोन्ही मनगटांची डोक्यावर फुली केली.
पंखा हलला नाही.
कॅप्टनने दोन्ही पंजे काचेला लावले:
बघ, माझे हात कशावरही नाहीत.
मग भुवया वर केल्या.

पुस्तकात खुणा आहेत
चाकाला आग लागली तर, शिडी हवी असेल तर,
ब्रेक तापले तर.
घोरपडीसाठी खूण नाही.
मी वाकलो. कोपरं बाहेर काढली,
कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे,
जीभ बाहेर, आत, बाहेर.
बावन्न प्रवासी खिडक्यांतून बघत असणार.
फटू ट्रॉलीला धरून हसत होता, निर्लज्ज.

कॅप्टनचा चेहरा कोराच.
पण शेजारी बसलेली पोरगी, दोन पट्ट्यांची,
काचेपाशी वाकली
आणि गंभीरपणे, नियमाप्रमाणे,
जीभ बाहेर, आत, बाहेर,
माझं वाक्य मला परत म्हणाली.
मी अंगठा वर केला.
बरोबर.

घोरपडीने सहा मिनिटं घेतली.
वहीत "वन्यजीव" लिहिलं, शुद्धलेखन साहेबांनी सुधारलं.
मग इंजिनं, धूळ, करवंदीची जाळी आडवी.
मी बाजूला सरून चाकाची पिन उंच धरली,
लाल फीत वाऱ्यात तडतडत होती:
तुला जखडून ठेवलेलं ते हे, माझ्या हातात आहे.
त्याने दिवा एकदा लावून विझवला.

रात्री बापाला सांगितलं.
मोतीबिंदू झाल्यापासून तो जाळं बोटांनी बघतो.
जिभेच्या गोष्टीवर आई हसली, तो नाही.
"आदी थांबलो?"
"आदी थांबलो."
"आणि कित्याक, ता?"
"मागसून इचारल्यान."
गाठ ओढून त्याने दोरा दातांनी तोडला.
"मगे बरो आसा."