भिंतीला टेकलेला चेंडू

बेटावरच्या आमच्या मैदानाला नऊच होल,
आणि सातव्याच्या डाव्या अंगाला दगडी भिंत,
मेंढ्यांसाठी कुणीतरी रचलेली, चुन्याशिवाय.
समुद्रावरचा वारा चेंडूचा कान धरतो
आणि शिक्षा केल्यासारखा
तिच्याशी नेऊन उभा करतो.

मी इथे गवत कापते.
सातव्यापाशी कुणी थांबलं की यंत्र बंद करते,
चहाचा थर्मास उघडते.
कारण उजव्या माणसाला तिथे उभं राहायला जागाच नाही,
त्याच्या पावलांच्या जागी भिंत आहे.
एक फटका दंड भरून चेंडू बाजूला घ्यावा,
नाहीतर भिंतीकडे तोंड करावं,
काठीचं पातं उलटं फिरवून टोक खाली धरावं
आणि डाव्याने मारावं.

दाताचे डॉक्टर निकल्सन आधी हसतात.
हसत हसत वारा मारतात. नुसता वारा.
पाद्र्यांनी एकदा स्वतःच्याच नडगीवर मारला
आणि जे बोलले ते मी ऐकलं नाही, असं ठरलंय.
दहा वर्षांची सोर्खा विचारच करत नाही,
फिरते, हाणते,
चेंडू काटेरी झुडपात, आणि ती त्याच्यामागे.
मोठी माणसं मात्र अशी उभी राहतात
जणू दुसऱ्याचा कोट घातलाय
आणि बटणं उलट्या बाजूला आहेत.
गुडघे कुठे ठेवायचे ते गुडघ्यांना विचारावं लागतं.

लॅखलन मॅकअ‍ॅस्किल कधी भिंतीला गेला नव्हता.
एकेचाळीस वर्षं फेरीबोटीचे दोर फेकले त्याने,
नेम असा की खुंटाच वाट पाहत असावा.
ऑक्टोबरातली शेवटची मॅच, समोर टपालवाली एफी,
आणि चेंडू गेला.
दगडाला गाल लावून बसला.

लॅखलनने काठी उलटी केली.
एफीने हसू मफलरमध्ये दाबलं.
त्याने चेंडूपासून जरा लांब
एक कोरा झोका घेतला, अंदाजासाठी.

माझा चहा झाकणातच राहिला.
खांदे वळले, कंबर मागून आली,
काठी गवताच्या शेंड्यांवरून
पाणी ओतावं तशी गेली.
एवढ्या वर्षांत उजव्या हाताने त्याचा असा झोका
मी पाहिला नव्हता.
त्यानेही नसावा.
हातांकडे पाहत राहिला,
घरात अनोळखी माणूस जेवायला बसलेला दिसावा तसा.

मग काठी पिशवीत टाकली.
‘दंड घेतो,’ म्हणाला.
एफी म्हणाली, ‘अरे, हा तर तुझ्या डाव्या हाताचा खेळ!’
तो काही बोलला नाही.
उजव्याने खेळला, दोन फटक्यांनी हरला,
टोपी काढून हात मिळवला. उजवाच.

माझी आई त्याच्या वर्गात होती.
ती सांगायची, पहिल्या इयत्तेत एका पोराच्या स्वेटरची
डावी बाही टोकाला शिवून टाकलेली असायची.
शिवण घरचीच, नेटकी, निळ्या लोकरीची.
पोराचं नाव तिने कधी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरात पहाटे गवत कापत नाही कुणी,
पण मैदानावरून एक फेरी मारावी लागते.
सातव्यावर दवात पावलांचे ठसे होते,
भिंतीच्या नाही, पलीकडच्या बाजूला,
जिथे डावखुरा उभा राहतो.
हिरवळीचे ढलपे उडालेले, ताजे,
खाली काळी ओली माती.
एक भिंतीजवळ. दोन तिच्यापासून हातभर.
आणि पुढे, जिथे भिंत संपते,
जिथे कुणाला कसलीच अडचण नाही,
तिथे सरळ मोकळ्या गवतात
अकरा.

मी वाळूची बादली आणली,
बी मिसळलं,
आणि एकेक भरत गेले.
पाहुणे उठायच्या आत.