फेरी एक्केचाळीस, चोर्ला घाट

रात्री अडीचला, बेळगावच्या भाजी मार्केटात,
भरमा मुचंडीकरच्या टेम्पोत कोबीच्या पोत्यांमागं
मी माझा डबा बांधला.
"काय बांधालास गा?"
"रेडिओ."
"गाणी लागतात?"
"नाही. फक्त शेजारच्या टेम्पोशी बोलतो."
"मग आमच्या गल्लीगतच की."

सात टेम्पो, सात डबे. टॉवर नको, कंपनी नको.
एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायचं.
वाट कुणी ठरवायची, एवढाच माझा प्रबंध.

एक पद्धत याद्या ठेवते:
कोण कुणाच्या मागं, दर दोन सेकंदांना नवी वही.
उद्यमबागेत तिसऱ्या मजल्यावर, संगणकाच्या पडद्यावर
ती पहिली येते.
जांबोटीच्या वळणावर वही लिहून होईतो
टेम्पोंनी एकमेकांना मागं टाकलेलं असतं.

दुसरी, गरज पडली की हाका मारते.
कणकुंबीकडचं कुणी आहे का? कुणी आहे का?
जो तो तीच हाक पुढं देतो,
मग उत्तर आलं तरी ऐकणार कोण.

नाकासमोर चालणारी तिसरी मला आवडायची.
गोव्याच्या जो जवळ, त्याच्या हाती द्यायचं, संपलं.
पण घाटात जवळ म्हणजे काय?
खालच्या वळणावरचा दिवा हातभर लांब,
मध्ये अख्खा डोंगर.

हिरेमठ सर म्हणतात, तक्ता दे.
श्रेष्ठ कुठली, एका ओळीत लिही.

एक्केचाळिसाव्या फेरीला धुकं होतं.
सगळे दुवे तुटलेले, पडद्यावर शून्य, शून्य, शून्य.
समोरून हुक्केरीचा ट्रक आला, दोनदा दिवे मारले,
काच खाली: "मुंद पोलीस अदार."
भरमानं हात बाहेर काढून
तळवा दोनदा खाली दाबला.
मागं मेहबूबच्या टेम्पोचा वेग उतरला.
कन्नडात आलेलं, हातानं पुढं गेलं.
कुणी कुणाला नाव विचारलं नाही.

तपासणीला दोघे टेकून उभे राहिले,
तेवढ्यात मेहबूबच्या डब्यानं आपला निरोप
भरमाच्या डब्यात सरकवला.
पुढं वाटच नव्हती. डब्यानं तो ठेवून घेतला,
कोबीबरोबर घाट उतरवला,
आणि साखळीत पहिला टेम्पो दिसल्यावर दिला.
बावन्न मिनिटं.

तक्त्यात ही वेळ 'उशीर' या रकान्यात जाते.
लाल अक्षरात.

"पोचलं काय?" भरमानं विचारलं.
"पोचलं."
"कुठनं गेलं?"
"तुझ्या टेम्पोतनंच."
त्यानं फळका पाडला, पहिलं पोतं ओढलं.
"मग त्याचं भाडं लाव की."