कोपऱ्यातला अंगठा

कुताइसीतल्या नऊ मजली इमारतींच्या लिफ्ट
मी एकतीस वर्षं दुरुस्त केल्या.
अंधारात, ग्रीसमध्ये, मान वर करून.
निवृत्त झालो तेव्हा भाच्यानं जुना कॅमेरा हातात दिला,
म्हणाला, जुंबेरमामा, आता जरा बाहेर बघ.

बघायला लागलो.

पहिल्याच दिवशी एक फ्रीज दिसला,
लाडा गाडीच्या टपावर उताणा बांधलेला,
रिओनीच्या पुलावरून
नवरदेवासारखा रुबाबात चाललेला,
आणि मागे हॉर्न वाजवणारं अख्खं वऱ्हाड.
मग बर्फ पडलं त्या सकाळी
दोरीवर विसरलेली तमाझची विजार,
गोठून ताठ, पाय फाकवून उभी.
आत तमाझ नसताना
जास्तच धीट वाटत होती.

फोटो बरे यायचे.
फक्त डाव्या कोपऱ्यात, प्रत्येकात,
माझा अंगठा.
लिफ्टच्या दारात एकदा सापडलेला,
तेव्हापासून न वाकणारा,
धूसर, गुलाबी, उकडलेल्या बटाट्यासारखा.
अंगणात फासे टाकणारी मंडळी म्हणायची,
एवढा तंत्रज्ञ माणूस
आणि म्हातारपणी अंगठाछाप निघाला!

पाचव्या मजल्यावरची गुलिको
मी मुद्दाम कधी टिपली नाही.
ती मध्ये यायचीच.
चादर वाळत घालायची,
दोरीची चाकं कुरकुरत चादर समोरच्या इमारतीकडे निघायची,
वाऱ्यानं फुगायची,
आणि वर फक्त गुलिकोचं डोकं,
जहाजाला हुकूम सोडत असलेलं.
लिफ्टनं वीस तेत्री गिळले की
सपाता काढून दाराला हाणायची,
आणि मला ओरडून सांगायची,
जुंबेर, तुझ्या पोरीला वळण लाव!
एकदा काखेत गरम पाव घेऊन येताना
कानात पिवळा बिल्ला असलेल्या कुत्र्यानं
मागच्या मागे पावाचं टोक खाल्लं.
तिला कळलं तेव्हा
ती रागवायला वळली
आणि हसतच सुटली.
तेव्हाच बटण दाबलं गेलं.

मार्चमध्ये गुलिको गेली.
लिफ्ट बंद होती.
शवपेटी जिन्यावरून उतरवताना
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली,
उभी करावी लागली,
आणि कुणीतरी चुकून म्हणालं, गुलिको, जरा सांभाळून.
तेवढा एक फोटो मी काढला नाही.
तो सगळ्यात चांगला आला असता.

पोलंडहून मेराब आला, तिचा मुलगा.
काळ्या दगडावर कोरायला आईचा चेहरा हवा होता.
पासपोर्टवरच्या फोटोत ती
कुणी उसने पैसे मागितल्यासारखी बघत होती.
मग माझा बुटांचा खोका उघडला.
त्रेचाळीस फोटो.
एकातही तोंड मिटलेलं नाही.
मेराब बराच वेळ खोक्यावर वाकून बसला.
खांदे हलत होते,
हसतोय की काय, मी विचारलं नाही.

त्यानं पावाचा फोटो निवडला.
दगड कोरणाऱ्यानं भिंग लावून विचारलं,
हे कोपऱ्यात काय? ढग?
मेराब म्हणाला,
नाही, तो शेजारी आहे. राहू दे.

तर आता तिथं टेकडीवर
गुलिको पाव घेऊन हसते,
कुत्र्याचे दोन कान दिसतात,
आणि मी, थोडासा, आधीच राहायला गेलोय.
तमाझ म्हणतो,
स्मशानाला जिवंतपणी ठेंगा दाखवणारा
कुताइसीत तू पहिलाच.
ईस्टरला सगळ्यांनी थडग्यावर लाल अंडी घरंगळवली,
वाइन सांडली,
त्यातली थोडी अंगठ्यालाही मिळाली.

मी दगडाचा फोटो काढला.
भाच्यानं पाहिला, कपाळाला हात लावला.
दगडातला अंगठा दिसतच नाहीये,
त्याच्यावर खरा अंगठा आलाय.
हात बाजूला घेऊन पुन्हा काढ, म्हणतो.

काढू.
पण आत्ता ऊन तिरपं आहे,
मेराब अंडं सोलतोय,
आणि त्याच्यामागे
दबक्या पावलांनी
पिवळा बिल्ला.