डिझेलचं रजिस्टर

रात्री दोनला मीच मोजून दिलं
दिगू कोयंड्याला ऐंशी लिटर.
सही त्याचीच, वाकडी,
आणि पानावर बांगड्याचा एक खवला
चिकटलेला.
त्याच रात्री आचऱ्यात कोणीतरी गोदाम पेटवलं.

रजिस्टर पोलिसांनी नेलं, पोच दिली.
पुढे ते सरकारी वकिलांच्या टेबलावर
मी स्वतः पाहिलं, ओरोसला.
त्यावर चहाचा कप.
मला साक्षीला बोलावलं नाही.
कोर्टाला सांगितलं, असं रजिस्टर नाहीच.

सहा वर्षं.
होडी शाकारलेलीच राहिली,
झापांखाली शेजाऱ्यांची कोंबडी अंडी घालायची.
मग हायकोर्टात ते पान निघालं,
खवल्यासकट, आणि दिगू सुटला.

आता वकिलांवर खटला भरायचा
तर सरकारची मंजुरी हवी.
काल कागद आला. सोसायटीच्या पायरीवर
मी वाचून दाखवला:
‘सदर कृत्य कर्तव्य बजावताना घडले असल्याने
मंजुरी नाकारण्यात येत आहे.’
दिगूने दोनदा वाचायला लावलं.
मग म्हणाला, ‘म्हंजे माका आत घालूचा
ह्या तेंचा कामच होता?’

आमच्याकडे पंख्यात दुसऱ्याचं जाळं फाटलं
तर तांडेल भरून देतो.
तोही तेव्हा धंद्यावरच असतो.
भरून देतो, आणि चार दिवस
मान खाली घालून बंदरावर येतो.

आज पहाटे दिगू आला.
चाळीस लिटर घेतलं, सही केली,
पेन परत देईना.
‘ह्या पानाची,’ म्हणाला,
‘माका झेरॉक्स दी.’