लागतं

जेल रोडला, पिठाच्या गिरणीच्या वर माझा क्लास.
संध्याकाळी सातला खाली दळण सुरू असतं,
वर हादरणाऱ्या फळ्यावर मी लिहिते: मस्ट.
खडू काय, पीठ काय,
वह्यांवर दोन्ही सारखंच बसतं.

मस्ट म्हणजे आतून. हॅव टू म्हणजे बाहेरून.
पुस्तकात असं आहे, मी तसंच सांगते.
अंबडला पॉवर प्रेसवर असणारा केदू बागूल विचारतो,
'मॅडम, मशीनला गार्ड लावणं आतून की बाहेरून?'
सगळे हसतात.
'ऑडिट असलं की बाहेरून,' उत्तरही तोच देतो,
आणि डाव्या हाताचं अर्धं बोट
वहीखाली सरकवतो.

आडगावच्या पॅकहाउसमधल्या तारामतीला
मस्ट आधीपासून येतं. द्राक्षांच्या पेट्यांवर छापलेलं असतं,
इतक्या अंशांवर ठेवलंच पाहिजे.
'पेट्यांना मस्ट. आणि सीझनला त्याच गारठ्यात
दहा तास मी उभी, मला काय लावायचं?'
हॅव टू, मी म्हणते.
ती ओठ हलवून दोनदा म्हणून बघते.

अशा वेळी आपली भाषा मध्येच आठवते.
तिकडे 'आय' पुढे, ताठ, एकटा, कॅपिटल,
मस्ट त्याच्या पाठीमागून येतं
जसं काही त्यानेच बोलावलंय.
आपल्याकडे 'मी' नसतोच. 'मला' असतं.
मला जावं लागतं.
ठेच लागते, ऊन लागतं, उचकी लागते,
तसंच हे जावंही लागतं,
कुठून आलं ते न सांगता.

आणि पाहिजे?
त्याला दोन तोंडं, गोदाघाटावरच्या मारुतीसारखी.
एका तोंडाने चहा पाहिजे,
दुसऱ्याने गेलं पाहिजे.
अर्धा कप टाकून मी किती वेळा उठले
ते या शब्दाला विचारा.

गांगुर्डेबाई शेवटच्या बाकावर.
बिटको हॉस्पिटलात एकतीस वर्षं आया, आता रिटायर.
मुलगा लीड्सला, सून तिकडचीच, मेगन.
मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, आणि मुलगा
रजा मोजतोय, तिकीट मोजतोय.
म्हणून बाईंनी थेट सुनेलाच लिहिलं,
पाठवून झाल्यावर मोबाइल माझ्यापुढे धरला:
यू मस्ट नॉट कम.

'बाई, हे तर येऊच नका असं झालं.'
'मग? तेच तर म्हणायचंय.'
'नाही हो. नाही आलात तरी चालेल, असं म्हणायचंय तुम्हाला.'
खाली गिरणीचा पट्टा थांबला.
'त्यात फरक आहे होय,' बाई म्हणाल्या.

फळ्यावर मी लिहिलं, डोन्ट हॅव टू.
त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, टाइप केलं.
मग वर बघून:
'ते आलेले मला पाहिजेत.
पण त्यांनी आलंच पाहिजे, असं नाही.
याला त्यांच्यात एक शब्द असेल ना?'

मस्ट, हॅव टू, शुड, ऑट टू,
नीड टू, आणि कोपऱ्यात एक जुनं नीडंट.
माझ्याकडे सहा होते.
किल्ल्यांसारखे एकेक लावून बघितले,
एकही लागला नाही.

सुटताना केदूने मोबाइलवरची बातमी वाचली,
गंगापूर धरणातून आणखी सोडलंय,
मारुतीच्या कमरेला पाणी लागलं.
बाईंनी मोबाइल पिशवीत टाकला.
दुसरा मेसेज गेला का, मी विचारलं नाही.
कठडा धरून, अंदाजाने पायरी शोधत
त्या जिना उतरल्या. अर्ध्यावर थांबून म्हणाल्या,
'त्याला तरी कुठं हलता येतंय, मॅडम.'

गिरणी पुन्हा सुरू झाली.
फळ्यावर सहाच्या सहा तसेच, थरथरत.
फळा मलाच पुसावा लागतो.