झाकणं

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा
घरात सतरा माणसं होती, शेजारचे धरून.
विजयमालाआक्कानं परातभर कांदाभजी काढली,
पोरांना पुढं बसवलं, म्हाताऱ्यांना खुर्च्या,
आणि जपान सुरू झालं.

पहिला फोटो : झाकण.
गटारीचं. बिडाचं. गोल.
दुसरं पण झाकणच.
तिसऱ्यात हरणं होती, पण झाकणावर.

"बर्फाचा डोंगर कुठाय तो?" मेहुणे म्हणाले.
"आणि फुलं?" आत्या म्हणाली,
"क्यालेंडरवर असत्यात ती, गुलाबी."
आहेत, पुढं आहेत, म्हणत
मी रिमोट दाबत राहिलो.

हाकोदातेचं झाकण : माकुळं नाचतायत.
मात्सुमोतोचं : रंगीत दोऱ्यांचे चेंडू.
एका खेड्याचं, नाव गेलं डोक्यातून,
सफरचंदाची फांदी, खाचेत पाणी साचलेलं,
पाण्यात विजेची तार.

नऊ वर्षं कावागुचीत, ओतकामाच्या कारखान्यात.
गाव आपल्या उद्यमनगरासारखंच,
तीच वाळू, तोच जळका वास,
फक्त कुणी कुणाला शिवी देत नाही.
सुट्टी आली की सगळ्यात स्वस्त गाडी पकडायची,
भलत्याच स्टेशनावर उतरायचं
आणि रस्ते बघत हिंडायचं.
हे मी त्यांना सांगितलं का नाही, आता आठवत नाही.
भजी संपली. पोरं बॉल घेऊन गल्लीत पळाली.
मेहुण्यांना अचानक स्टेडियमवरची मॅच आठवली.

उरले बाबालाल मिस्त्री.
वाळू मुठीत दाबून
तिचा ओलावा ओळखायला शिकवलेलं त्यांनी मला.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
दुसऱ्याचं उरूस झाल्यावर.
खुर्ची ओढत ते इतके पुढं गेले
की नाक काचेला लागायचं बाकी.

"थांब. मागं घे. ह्यो.
शिंगाची धार बघ हरणाच्या.
वाळू किती बारीक असंल.
वजन?"
"चाळीस किलो, मिस्त्री."
"वरनं गाडी गेली की वाजतंय?"
"नाही."
"मग बसवलंय नीट."

मग त्यांनी बोट ठेवलं काचेवर, खाली, कडेला.
"हे काय?"
माझ्या बुटाचं टोक.
"आणि ह्या फोटोत?"
माझ्या बुटाचं टोक.
बघितलं तर सगळीकडंच होतं,
भिजलेलं, बर्फ लागलेलं,
एकदा कोरं, नाडी पांढरीफेक.
नऊ वर्षांत चार जोड. मिस्त्रींनी मोजले.
मी आजवर एकदाही बघितलं नव्हतं.

"तोंड एकात बी न्हाई तुझं."
"काढायला कोण होतं, मिस्त्री?"

बराच वेळ ते बोलले नाहीत.
टीव्हीवर सफरचंदाची फांदी तशीच थांबलेली.
मग म्हणाले,
"नऊ वर्षं मान खाली घालून चाललास व्हय रं."

बाहेर बॉल कुणाच्या तरी पत्र्यावर आदळला.
आतून आक्कानं विचारलं, चहा टाकू का.

सकाळी दारात हजर.
चल म्हणाले, लांब न्हाई.
उद्यमनगरात, चहाच्या गाड्याच्या मागच्या बोळात,
टाचेनं चिखल खरवडला.
खाली झाकण. फूल नाही, हरीण नाही,
नुसत्या चौकड्या, पाय घसरू नये म्हणून.
एक 'को' शिल्लक. सालातलं एकोणीसशे ऐंशी
आणि काहीतरी, पुढचं ट्रकांनी नेलं.
कडेला वाळू ढासळल्याची गाठ,
गांधीलमाशी चावल्यासारखी.
"ती माझी चूक," मिस्त्री म्हणाले, जवळजवळ खुशीत.
"मालकानं चालवून घेतली."

एक रिक्षा गेली वरून. धडाड्.
"वाजतंय की," मी म्हटलं.
"वाजणारच. कोल्हापूरचं हाय ते."

फोटो काढायला मी वाकलो
तर त्यांनी पाय मागं घेतला, चपलेसकट.
असू दे मिस्त्री, म्हटलं,
तिथंच असू दे पाय.